फळ्यावरच्या साठ बादल्या

संपादकसाहेबांचं पत्र आलं, ‘आपल्या प्रदीर्घ औद्योगिक कारकिर्दीतले प्रेरणादायी अनुभव आमच्या दिवाळी अंकासाठी लिहा.’ तीनदा वाचलं. प्रदीर्घ म्हणजे एकतीस वर्षं, औद्योगिक म्हणजे बादल्या, आणि प्रेरणेचं म्हणाल तर राजेहो, त्या शेडमध्ये मी कोणाला प्रेरणा दिल्याचं मला आठवत नाही. शिव्या दिल्या त्या आठवतात. तेव्हा ज्यांना प्रेरणा पाहिजे त्यांनी खुशाल पुढच्या पानावरच्या कवितांकडं जावं. ज्यांच्या घरी कधीकाळी जस्ताच्या पत्र्याची बादली होती आणि ती बुडातून ठिबकत होती, त्यांनी मात्र बसावं. ती बहुतेक आमचीच.

आमचा कारखाना यवतमाळहून लोहाऱ्याच्या वाटेवर होता. कारखाना हा शब्द भाऊसाहेबांचा. ते मालक. कापसात कमावलं आणि पत्र्यात घातलं, असा त्यांचा हिशेब. दोन टिनाच्या शेड, तीसेक माणसं, एक विहीर आणि एक काळा फळा. अमरावतीहून औद्योगिक शाळेचं सर्टिफिकेट घेऊन मी आलो तो थेट फोरमन झालो. छप्पन्न साल होतं आणि उभ्या आयुष्यात मी एक बादली केली नव्हती. फोरमन म्हणजे ज्याला काम येत नाही पण दुसऱ्याचं चुकलेलं लगेच दिसतं, असा माणूस. त्या हिशेबानं मी पहिल्या दिवसापासून उत्तम फोरमन होतो.

बाहेरच्या माणसाला वाटतं, बादलीत काय आहे? पत्रा कापला, गोल वळवला, बूड बसवलं, कडी लावली, झालं. खरी गोम बुडात आहे. अंगाचा काठ आणि बुडाचा काठ एकमेकांत अडकवून बाहेरच्या बाजूनं दोनदा दुमडायचा, लाकडी हातोड्यानं गोल फिरत फिरत ठोकायचा, आणि मग त्याच्यावर डाग द्यायचा, म्हणजे शिसं-कथील वितळवून फट बुजवायची. दुमड नीट पडली तर डाग नावापुरता. दुमड चुकली तर वर शेरभर कथील ओता, बादली गळणार म्हणजे गळणार.

ही दुमड घालणारे आमच्याकडं करीमभाई. पांढरकवड्याचे. बाप टिनकाम करायचा, आजा टिनकाम करायचा. बोटं अशी जाड की बटण लावायला दुसऱ्याची मदत लागावी, पण पत्र्याच्या काठावरून अंगठा फिरवला की कुठं केसभर उंच आहे ते सांगायचे. मोजणं वगैरे भानगड त्यांना ठाऊक नव्हती. ते करत जायचे, बादल्या उचलून नेणारे नेत जायचे, आणि संध्याकाळी किती झाल्या ते फोरमनसाहेब म्हणजे मी फळ्यावर लिहायचो. एवढं एक काम मला येत होतं. तेही मला धड येत नव्हतं, हे पुढं कळेलच.

आता आमची खरी अडचण सांगतो. आम्ही बारमाही बादल्या करत नव्हतो. पावसाळाभर ट्रंका करायच्या, कारण दिवाळीनंतर लग्नं सुरू झाली की ट्रंका जातात. लग्नाचा माल निघाला की पौषात बादल्या धरायच्या, कारण उन्हाळ्यात त्या खपतात. एक माल बंद, दुसरा सुरू. कागदावर झकास. पण ट्रंकेच्या बुडाची दुमड आत घालतात, बाहेर काही लागायला नको म्हणून. आणि बादलीची बाहेर. चार-पाच महिने ज्या हातानं आत दुमडलं, तो हात पौषाच्या पहिल्या सकाळी काय करेल? आतच दुमडेल. करीमभाईंना डोक्यात सगळं पाठ होतं हो. दुसऱ्याला ते बिनचूक सांगायचे. पण डोकं ‘बाहेर’ म्हणायचं आणि मनगट आत वळायचं.

पहिल्या दिवशी वीस-बावीस बादल्या व्हायच्या, त्यातल्या निम्म्या गळक्या. दुसऱ्या दिवशी पंचवीस. आठवडाभरात पस्तीस-छत्तीस, आणि तिसऱ्या आठवड्यात हात असा बसायचा की पन्नासच्या वर जायचा. तेव्हा बघायला मजा यायची. ठोका चुकायचा नाही, मान वर व्हायची नाही. आणि नेमका हात बसला की मालाचा कोटा संपायचा, आणि आम्ही परत डबे नाही तर ट्रंका धरायचो. दरवर्षी हेच. चढायचं आणि उतरायचं. अगदी तळाला नाही यायचा हात, एखाददुसरी पायरी वर थांबायचा, पण उतरायचा नक्की. माझा पुतण्या कॉलेजात शिकवतो, तो म्हणे आता याच्यावर शास्त्र निघालं आहे, कागदावर रेघ काढून दाखवतात. काढा बाबा. आमच्याकडं ती राखेवर निघायची.

कारण तपासणीला आमच्याकडं सोमीबाई होती. घाटंजीकडची, जातीनं गोंड, वयानं माझ्या आईएवढी, जिभेनं सगळ्यांच्या वर. विहिरीचं पाणी बादलीत भरायची, बाहेरून कोरडी पुसायची आणि चाळलेल्या राखेवर ठेवायची. जरा वेळानं उचलायची. राखेवर काळा ठिपका दिसला की बादली गळकी. पौषातल्या पहिल्या दिवशी तिच्यासमोरची राख पाहून ती मला हाक मारायची, “साहेब, या. करीमभाऊनं आज रांगोळी काढली.”

करीमभाई तिकडून ओरडायचे, “अवं बाई, तीन दिवस थांब. हात घरी येऊन राह्यला.”

‘हात घरी येणं’ हा त्यांचा शब्द. आणि तो घरी येईपर्यंतच्या तीन दिवसांचा जो माल, त्याचं आम्ही काय करायचो? सांगतो, आता कोण मला फाशी देणार आहे! तो आम्ही उमरखेडला पाठवायचो. जिल्ह्याचं पार दुसरं टोक. तिकडून तक्रार यायला एसटीचा अख्खा दिवस लागायचा, आणि बादलीसाठी दिवस कोण घालवतो? शेडमध्ये पहिल्या तीन दिवसांच्या मालाला नावच पडलं होतं ‘उमरखेडी’. एका वर्षी मात्र तिकडचे एक दुकानदार खरंच आले. घामाघूम, हातात आमची बादली. मी खुर्ची दिली, चहा मागवला. ते म्हणाले, “साहेब, तक्रार नाही आनली. लोक खूश हायेत. बाया विहिरीवरून पानी आनतात, तं घरापर्यंत सडा आपोआप पडते. फक्त घरी आल्यावर चूळ भराले पानी उरत नाही, तेवढं पाहा.” मी गंभीर चेहऱ्यानं वहीत लिहून घेतलं, आणि पुढच्या पौषात पहिल्या तीन दिवसांचा माल कुठं पाठवला? उमरखेडलाच. असे आम्ही इमानदार.

आता मूळ गोष्टीवर येतो. महाराष्ट्र राज्य झालं त्याच सुमारास भाऊसाहेबांच्या मुलीचं ठरत होतं. मुलाकडचे पुण्याचे. ते घर पाहायला आले तसा कारखानाही पाहायला आले. नेमका बादल्यांचा शेवटचा दिवस. भाऊसाहेब सकाळीच मला बाजूला घेऊन म्हणाले, “पाहुन्यांसमोर शान राह्यली पाहिजे बरं.” संध्याकाळी मी मोजल्या. बावन्न. आजवरचा सगळ्यात मोठा आकडा. तो लिहिला असता तरी शान राहिली असती. पण सोमीबाईच्या राखेजवळ आदल्या दिवशीच्या आठ बादल्या पडून होत्या, तपासायच्या राहिलेल्या. मी त्या यात मिळवल्या आणि फळ्यावर झोकात लिहिलं, ‘६०’. खाली दोन रेघा. वरून मोठ्यानं वाचून दाखवलं.

पाहुण्यांनी माना डोलावल्या. भाऊसाहेबांनी जिलबी आणवली आणि सगळ्यांदेखत करीमभाईंना फेटा बांधला. करीमभाई इतके लाजले की कोणाकडं पाहीनात. “साठ? माह्या हातानं? या अल्ला!” एवढंच म्हणत होते. मला भाऊसाहेबांनी त्याच दिवशी हेड फोरमन केलं. शेडमध्ये फोरमन मी एकटाच होतो, पण हेड झालो. दुसऱ्या दिवसापासून फळ्याची शेड बंद. ट्रंकांची शेड पलीकडं. पुसायला कोण जातं? साठ आणि त्याखालच्या दोन रेघा वर्षभर तिथंच राहिल्या.

लग्न झालं. पुढच्या पौषाच्या आधी जावईबापू यवतमाळला राहायला आले ते गळ्यात घड्याळ अडकवून. मनगटावरचं नाही, धावण्याच्या शर्यतीत असतं तसलं, बटण दाबलं की पळणारं. मुंबईला कुठंतरी तीन महिन्यांचा कोर्स केला होता. कामाला किती वेळ लागतो हे मोजायचा. काम करायचा कोर्स त्यांनी केला नव्हता. पहिल्याच दिवशी सोमीबाईसमोर उभे राहून त्यांनी घड्याळ सुरू केलं. तिनं बादली खाली ठेवली आणि हात पुढं केला. “घ्या बापू, नाडी पाह्यता काय माही?”

मग ते फळ्याजवळ गेले. “दिवसाला साठ. म्हणजे आपली क्षमता साठ आहे,” ते मला म्हणाले. “मग वहीत पौषाच्या पहिल्या दिवशी बावीसच का?”

मी म्हटलं, “हात बसावा लागतो, साहेब.”

“हात बसायला तो काय पाहुणा आहे?” स्वतःच्या विनोदावर ते हसले. मीही हसलो. हेड फोरमन होतो ना. “हे बघा, माणूस एकदा सायकल शिकला की जन्मात विसरत नाही. कौशल्याचं तसंच असतं. जो विसरतो तो विसरत नसतो, तो अंग चोरत असतो.”

करीमभाई ऐकत होते. नम्रपणे म्हणाले, “साहेब, सायकल चालवनं नाही विसरत. पन टायरात ट्यूब बशीवनं दोन साल नाही केलं, तं पह्यल्या डावाले ट्यूब चिमट्यात येतेच.”

हे इतकं सोपं, इतकं खरं बोलणं मी त्यानंतर कोण्या पुस्तकात वाचलं नाही. जावईबापूंनी ते घड्याळात बसत नाही म्हणून सोडून दिलं. हुकूम निघाला. पौषातल्या पहिल्या आठ दिवसांत जो साठवर येणार नाही, त्याला बुडाच्या कामावरून काढायचं. पी हळद आणि हो गोरी!

बुडाच्या कामावर होते कोण? करीमभाई. पत्र्यावर आयुष्य काढलेला माणूस, आणि त्याला काढून दारावर बसवा, नाही तर घरी पाठवा. का? तर एका फळ्यावर एक आकडा आहे म्हणून. आणि तो आकडा खोटा आहे हे अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात एकाच माणसाला ठाऊक होतं. तुम्ही म्हणाल, मग सांगायचं की! तुमची जीभ कुठं गेली होती? कुठं जाणार? तिथंच होती, बत्तीस दातांच्या आड, सुखात. रोज सकाळी ठरवायचो, आज सांगतो. आणि रोज जावईबापू समोर आले की मी म्हणायचो, “हवा बरी आहे आज.”

पहिल्या दिवशी सव्वीस झाल्या. इतक्या कधी झाल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी एकतीस. करीमभाई दुपारची भाकर उभ्यानं खायला लागले. तिसऱ्या दिवसापासून सगळ्यांच्या आधी येऊन बसायचे आणि नुसत्या रद्दी पत्र्याच्या पट्ट्या दुमडायचे, बाहेर, बाहेर, बाहेर. मनगट आत वळलं की स्वतःच्या हातावर हातोड्याचा दांडा मारायचे. मी पाहिलं आहे हे. मान फिरवली, पण पाहिलं.

पाचव्या दिवशी ते माझ्याजवळ आले. “साहेब, एक पुसू? मांगच्या साली साठ मीच केल्त्या ना?”

मी म्हटलं, “हो.”

“मंग आता काहून होऊन नाही राह्यल्या?”

राजेहो, देव माणसाला अशी संधी ताटात वाढून क्वचित देतो. मी काय म्हणालो? मी म्हणालो, “होतील, होतील. मन लावा.” मन लावा! त्या माणसाला मी मन लावा म्हणालो.

सोमीबाईला काहीतरी वास आला होता. ती मला विहिरीजवळ गाठून म्हणाली, “साहेब, त्या दिशी माह्या राखेपाशी आदल्या दिवसाच्या बादल्या व्हत्या. त्या कुठं गेल्या?” मी म्हटलं, “बाई, तुम्ही तुमची राख सांभाळा.” ती इतकंच म्हणाली, “तुमी शिकेल मानूस. तुमच्यापुढं माहं काय चालते?” थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

आठव्या दिवशी एकेचाळीस झाल्या. नीट वाचा, एकेचाळीस. आठव्या दिवशी छत्तीसच्या वर आमच्याकडं कधीच कोणी गेलं नव्हतं. राखेवर एकही ठिपका नव्हता. आमच्या शेडच्या इतिहासातला तो सगळ्यात मोठा पराक्रम, आणि तो मी फळ्यावर लिहिला तेव्हा जावईबापू चुकचुकले. एकेचाळीसच्या शेजारी गेल्या वर्षीचे साठ तसेच होते. त्यांच्या सांगण्यावरून ठेवले होते, प्रेरणा म्हणून.

ते काही बोलण्याआधीच करीमभाई उठले. हातोडा पुसून कोपऱ्यात उभा केला. “सायबाचं खरं हाये. मी अंग नाही चोरलं, खुदा जाने. पन हात गेला माहा. साठवरून एकेचाळीसवर आला. म्हातारा झाला हात.” आणि चप्पल घालून निघाले. पंचेचाळिशीचाही नव्हता तो माणूस. मी खडू हातात धरून उभा होतो.

पुढचं तमाशासारखं झालं. जावईबापूंनी चार नवी पोरं बसवली, घड्याळ लावलं, आणि राखेच्या तपासणीत फार वेळ जातो म्हणून ती बंद केली. सोमीबाई कापूस वेचायला निघून गेली. जाताना म्हणाली, “आता ज्याचं त्यानं घरी पाहावं.” रोज साठ नाही, सत्तर बादल्या निघाल्या. आजवर तीन दिवसांचा माल उमरखेडी असायचा. त्या वर्षी अख्खा यवतमाळ जिल्हा उमरखेड झाला. उन्हाळ्यात माल परत यायला लागला तेव्हा शेडमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही. जावईबापूंना अचानक पुण्याची हवा मानवू लागली. घड्याळही गेलं.

भाऊसाहेबांनी मला बोलावलं. “करीमले घेऊन या. पाया पडा, काई करा.” म्हणजे ज्यानं घालवला त्यानंच आणायचा. त्यांना हे माहीत नव्हतं, पण न्याय बरोबर केला त्यांनी.

मी एसटीनं पांढरकवड्याला गेलो. केळापूरच्या रस्त्याला लागून टिनाचं एवढंसं दुकान, मागं राहतं घर, मध्ये गोणपाटाचा पडदा. करीमभाई रॉकेलच्या चिमण्या आणि नरसाळी करत बसले होते. मला पाहून उठले, रिकामा डबा पालथा घालून बसायला दिला, आत चहाचं सांगितलं. राग नाही, टोमणा नाही. माझी सगळी तयारी शिव्या खायची होती, ती वाया गेली.

मी निरोप सांगितला. त्यांनी मान हलवली. “नाही साहेब. चिमनी-नरसाळ्यावरच बरं हाये. हे हाताले झेपते. बादलीचा भरोसा नाही राह्यला आता. लोकं म्हनतील, साठवाला करीम, अन् पाहा काय करून राह्यला.”

“साठ नव्हत्या,” मी म्हटलं.

“काय?”

“साठ नव्हत्या, करीमभाई. बावन्न होत्या. आठ आदल्या दिवशीच्या होत्या, त्या मी मिळवल्या. पाहुण्यांसाठी.” आणि मग सगळंच बाहेर आलं. आठव्या दिवशी एकेचाळीस आजवर कोणीच केल्या नव्हत्या, हेही सांगितलं. तुमचा हात कुठं गेला नव्हता, हेही सांगितलं. दीड वर्षात जे सांगता आलं नाही ते चहा यायच्या आत सांगून झालं. इतकंच होतं ते.

करीमभाईंनी उजवा हात उलटासुलटा करून बघितला, जसा काही कोणी उसना नेला होता आणि आता परत आणून दिला. मग पडद्याकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाले, “सुनती का? साठ नव्हत्या म्हने. बावन्नच होत्या. फोरमनसाहेबानं वाढवून लिवल्या. हात चांगलाच होता माहा.”

आत कपबशीचा आवाज थांबला. पडद्याआडून बाईंचा आवाज आला, शांत, जरा दमलेला.

“अन् मंग मी सहा महिने तुमच्या हाताले रोज तेल कायले चोळून राह्यली होती?”

करीमभाईंनी पडद्यावरून नजर काढली आणि माझ्याकडं पाहिलं. उत्तर मी द्यायचं होतं.